पानांत दडलेले चेहरे: ग्रीन मॅन, यक्ष, कीर्तिमुख आणि धोंडी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि आसपासची लेणी, देवळे व वाडे दाखवण्याच्या निमित्ताने गेली काही वर्षे आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांपैकी पानाफुलांशी जोडलेल्या देवता, यक्ष आणि मुखवटे यांविषयीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे असा प्रयत्न केला आहे. जेथे एकच मुद्दा दोनदा आला असता तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ग्रीन मॅन म्हणजे नेमके काय? तो देव आहे की नक्षी?

युरोपातील, विशेषतः इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनीतील मध्ययुगीन चर्चांच्या खांबांवर, छताच्या गाठींवर आणि लाकडी आसनांवर मानवी चेहरा आणि पाने यांचा मिलाफ असलेले जे शिल्प दिसते, त्याला आज ग्रीन मॅन म्हणतात. त्याचे ठोकळमानाने तीन प्रकार आढळतात: ज्याचा चेहराच पानांचा बनलेला आहे असा, ज्याच्या तोंडातून फांद्या बाहेर पडतात असा, आणि ज्याच्या डोळ्या-नाका-कानांतूनही वेली फुटल्या आहेत असा. रोमन काळातील पर्णमुखांचा वारसा त्यामागे आहे, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. मात्र त्याची पूजा होत असल्याचा मध्ययुगीन पुरावा नाही, त्यामुळे त्याला सरळ देव म्हणणे धाडसाचे आहे. चर्चमधले काही चेहरे प्रसन्न नसून वेदनेने पिळवटलेले दिसतात, आणि ते पाहिले की ‘वसंताचा आनंदी देव’ ही कल्पना लगेच गळून पडते.

२. हे नाव किती जुने आहे? हजारो वर्षांची परंपरा आहे असे सगळीकडे लिहिलेले असते.

शिल्प जुने आहे, नाव मात्र नवे आहे. चर्चमधील या शिल्पाला ग्रीन मॅन हे नाव लेडी रॅगलन यांनी १९३९ मध्ये एका लेखात दिले. वेल्समधील एका गावच्या चर्चमध्ये असा चेहरा पाहून त्यांनी त्याची सांगड मे महिन्याच्या सणातील पानांनी झाकलेल्या माणसाशी, म्हणजे जॅक इन द ग्रीनशी घातली, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच प्राचीन वनस्पतिदेवता असावी असे सुचवले. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा असे दिसले की पानांच्या टोपलीत शिरून नाचणारा जॅक हा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्या कामगारांच्या १ मेच्या मिरवणुकीतला आहे. म्हणजे दुवा सुंदर होता, पण तारखा जुळत नव्हत्या.

२०२३ मध्ये ब्रिटनचे राजे तिसरे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या निमंत्रणपत्रिकेवर हाच पर्णमुखी चेहरा छापला गेला आणि आमच्याकडे हा प्रश्न येण्याचे प्रमाण एकदम वाढले.

३. मराठीत त्याला काय म्हणावे?

शिल्पासाठी आम्ही ‘पर्णमुख’ हा शब्द वापरतो. ‘हिरवा माणूस’ हे शब्दशः भाषांतर टाळावे, कारण दगडातला तो चेहरा बहुधा हिरवा नसतो, आणि मराठीत ‘हिरवा’ म्हटल्यावर वेगळ्याच अर्थाकडे गाडी वळण्याची शक्यता असते (प्रश्न १२ पाहावा).

४. आपल्या देवळातले कीर्तिमुख म्हणजेच ग्रीन मॅन ना?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, परंतु हे ‘नाही’ नीट समजून घेण्याजोगे आहे.

कीर्तिमुखाची कथा स्कंदपुराणात येते. असुरराज जालंधराने राहूला दूत म्हणून शंकराकडे पाठवले आणि पार्वतीची मागणी केली. शंकराच्या क्रोधातून एक भयंकर, भुकेने वखवखलेला प्राणी निर्माण झाला व राहूवर धावून गेला. राहू शरण आल्यावर त्या प्राण्याने ‘आता मी काय खाऊ?’ असे विचारले, तेव्हा शंकराने ‘स्वतःलाच खा’ असे सांगितले. त्याने पायांपासून सुरुवात करून स्वतःला खाल्ले आणि अखेरीस फक्त तोंड उरले. प्रसन्न झालेल्या शंकराने त्याला कीर्तिमुख असे नाव देऊन दारावर कायमचे स्थान दिले. खाण्याची ही गोष्ट शिल्पातही दिसते: डोळे बटबटीत, दात बाहेर आलेले, कित्येकदा शिंगे, आणि खालचा जबडा बहुधा नसतोच. ‘ग्रासमुख’ हा पर्यायी शब्द त्यावरूनच समजतो.

गोंधळ होतो तो त्या तोंडातून निघणाऱ्या वेलींमुळे आणि मोत्यांच्या सरांमुळे. पुष्कळ कीर्तिमुखांच्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांतून पानांच्या वेली बाहेर पडतात आणि कमानभर पसरतात. पण चेहरा मुळात सिंहाच्या वळणाचा आहे, माणसाचा नाही. आणि वेल हा त्याचा देह नसून त्याच्या मुखातून वाहणारी गोष्ट आहे. आणखी एक फरक जागेचा आहे. पर्णमुख चर्चच्या कोनाकोपऱ्यांत, मान वर करून शोधावे लागते. कीर्तिमुख मात्र दाराच्या उंबरठ्यावर, प्रभावळीच्या शेंड्यावर, शिखराच्या दर्शनी बाजूवर, म्हणजे येणाऱ्याला दिसलेच पाहिजे अशा ठिकाणी बसवतात. ‘उंबरठ्यावर अहंकार टाकून आत जावे म्हणून ते तोंड तेथे असते’ असे देवळांत सांगतात. स्पष्टीकरण म्हणून ते अर्थपूर्ण आहे, पण कथेत भूक आहे, अहंकार नाही.

जावा बेटावरील देवळांच्या दारांवर अशाच मुखाला ‘बनस्पती’ असेही नाव आहे. हा शब्द म्हणजे आपले ‘वनस्पति’, मूळ अर्थ वनाचा स्वामी. म्हणजे कीर्तिमुख आणि वन यांचे नाते कोणालाच सुचले नाही असेही म्हणता येत नाही.

५. मग भारतीय शिल्पात तोंडातून वेल निघणारा माणूस आहे की नाही?

आहे, आणि तो यक्ष आहे. मध्य प्रदेशातील भरहुत येथील स्तूपाचा कठडा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला असून त्याचे अवशेष आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहेत. त्यावरील यक्ष-यक्षींच्या मूर्तींखाली त्यांची नावे कोरलेली आहेत, आणि त्या काळच्या नक्षीत बुटक्या, पोट सुटलेल्या यक्षाच्या तोंडातून किंवा बेंबीतून कमळाची वेल निघून साऱ्या पट्टीभर वळणे घेत जाते. युरोपातील पर्णमुखाशी रूपाने खरोखर जवळचा नातलग शोधायचा असेल, तर कीर्तिमुखाऐवजी येथे थांबावे.

या वेलीचा अर्थ कळण्यासाठी यक्ष हा मुळात कोण, हे ध्यानात घ्यावे लागते. मेघदूतामुळे यक्ष म्हटले की आपल्याला विरही प्रियकर आठवतो, पण महाभारतातला यक्ष तळ्याची राखण करतो आणि प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय पाण्याला हात लावू देत नाही; ‘यक्षप्रश्न’ हा शब्द आपण रोज वापरतो तो तेथूनच आला. यक्ष झाडाखाली राहतो, पाण्यावर हक्क सांगतो आणि धनाची राखण करतो. पाणी, रस आणि समृद्धी हे त्याचे क्षेत्र असल्याने त्याच्या देहातून वेल फुटणे स्वाभाविक ठरते. पर्णमुखाचा चेहरा पानांत विरघळतो, यक्ष मात्र गुबगुबीत आणि पुरता शाबूत राहतो.

महाराष्ट्रातला यक्ष कसा दिसे हे पाहायचे असेल, तर पितळखोरा लेण्यांत सापडलेली आणि आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेली मूर्ती पाहावी. दोन्ही हातांनी डोक्यावर पात्र तोलणाऱ्या या हसऱ्या यक्षाच्या हातावर तो घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचा उल्लेख कोरलेला आहे. त्याच्या अंगावर पाने नाहीत, दागिने आहेत. सोनाराच्या हातचा यक्ष आणखी काय घालणार?

६. यक्षी, शालभंजिका आणि वृक्षिका यांत फरक काय?

यक्षी ही देवता आहे, शालभंजिका ही मुळात एक मुद्रा आहे. फुललेल्या शालवृक्षाची फांदी वाकवून फुले तोडण्याच्या खेळावरून हे नाव आले आणि पुढे झाडाची फांदी धरून उभ्या असलेल्या कोणत्याही स्त्रीशिल्पाला ते लावले गेले. सांचीच्या तोरणावरची शालभंजिका सर्वांना छायाचित्रांतून ठाऊक असते. वृक्षिका हा अभ्यासकांनी सोयीसाठी रूढ केलेला, झाडाशी एकरूप झालेल्या स्त्रीमूर्तीसाठीचा व्यापक शब्द समजावा.

याच्याशी ‘दोहद’ ही कल्पना जोडलेली आहे. स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाल्याशिवाय अशोक फुलत नाही आणि तिने मद्याची चूळ टाकल्याशिवाय बकुळ बहरत नाही, असा हा काव्यसंकेत आहे. मेघदूतातल्या यक्षाच्या बागेत ही दोन्ही झाडे शेजारीशेजारी आहेत.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. पुण्यातील सोसायट्यांच्या कुंपणालगत जो उंच, सरळ, लांब लाटदार पानांचा ‘अशोक’ लावलेला असतो, तो हा नव्हे; तो आसुपालव आहे. खरा अशोक म्हणजे सीताअशोक, ज्याला खोडाजवळही नारिंगी-तांबड्या फुलांचे झुबके येतात. आसुपालवाला कितीही लाथा मारल्या तरी दोहद पुरा व्हायचा नाही.

७. पुण्याहून एका दिवसात काय पाहता येईल?

मळवलीजवळच्या भाजे लेण्यांत जावे. शेवटाकडच्या विहारात रथावरील आकृती आणि हत्तीवरील आकृती अशी दोन प्रसिद्ध शिल्पे दारांच्या बाजूंना आहेत. हत्तीच्या शिल्पात कठडा घातलेले पूज्य झाड कोरलेले आहे. बहुतेक लोक हत्ती पाहून पुढे जातात, पण झाडाला कठडा घालून त्याला देवळाचा मान देण्याची पद्धत किती जुनी आहे, हे तेथे डोळ्यांसमोर दिसते. लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतरच्या तिरप्या उन्हात कोरीवकाम अधिक स्पष्ट उठते.

यवतजवळच्या भुलेश्वरासारख्या यादवकालीन देवळांत गेल्यास वर पाहण्याआधी खाली, उंबरठ्याकडे पाहावे. शहरातच थांबायचे असल्यास १८०७ च्या सुमाराच्या विश्रामबागवाड्याचे सागवानी कोरीवकाम पाहावे. पेशवेकालीन वाड्यांत चेहरे कमी आणि झाडे जास्त असतात: खांब सुरूच्या झाडासारखे, आणि कमानींमधून खाली लोंबणारी केळफुले.

८. अंगाला पाला गुंडाळून फिरणारा माणूस आपल्याकडे आहे का?

आहे, त्याला धोंडी म्हणतात. पाऊस लांबला की गावातली मुले जमतात आणि त्यांच्यापैकी एकाच्या अंगाला कडुलिंबाचे डहाळे बांधतात. इतके की कमरेच्या वर-खाली पालाच दिसतो आणि मुलाचे फक्त डोळे व पाय उघडे राहतात. डोक्यावर पाट, पाटावर धोंडा, आणि काही ठिकाणी काठीला किंवा पाटाला बांधलेला बेडूक. ‘धोंडी धोंडी पाणी दे’ असे ओरडत ही मिरवणूक दारोदार जाते. घरातली बाई तांब्याभर पाणी त्या पाल्यावर ओतते आणि पसाभर धान्य किंवा पीठ देते. पाणी डहाळ्यांतून निथळत खाली येते, मूल अंग झाडते, आजूबाजूच्यांवर शिंतोडे उडतात, आणि सगळा जथा पुढच्या दाराकडे पळतो. जमलेल्या शिध्याचा स्वयंपाक होतो.

पर्णमुखाच्या निमित्ताने आम्हाला जे सांगावेसे वाटते ते या विधीत सर्वांत स्पष्ट दिसते. आपल्याकडे वनस्पतीचा आत्मा दगडात कायमचा कोरून ठेवण्यापेक्षा ताज्या पाल्याने काही तासांपुरता अंगावर घेण्याकडे कल आहे. विधी आटोपला की डहाळे टाकून देतात. जपून ठेवण्याची वस्तू मागे उरत नाही, म्हणून संग्रहालयांत धोंडी सापडत नाही आणि कलेच्या इतिहासात त्याची नोंद होत नाही. धोंडी हा देव आहे का, असे विचारल्यास गावकरी बहुधा ‘तो पोरगा आहे’ असेच म्हणतील. पाणी मागणारा तोच, आणि ज्याच्यावर पाणी पडायला हवे ते तहानलेले रानही तोच.

९. युरोपातला ‘दोदोला’ आणि आपला ‘धोंडी’ यांचे नाव सारखे आहे. दोन्हींचे मूळ एकच असेल का?

सर्बियात दोदोला, बल्गेरियात पेपेरुदा आणि रुमानियात पापारुदा या नावांनी अवर्षणात मुलीला पानाफांद्यांनी झाकून दारोदार नेण्याची आणि तिच्यावर पाणी ओतण्याची प्रथा आहे. साम्य थक्क करणारे आहे, यात वाद नाही. पण ‘धोंडी’ हे नाव डोक्यावरच्या धोंड्याशी जोडले जाते आणि त्यासाठी बाल्कनपर्यंत जाण्याची गरज पडत नाही. शेती पावसावर आणि पाऊस लहरीवर अवलंबून असेल, तर हिरव्या पाल्यावर पाणी ओतून पावसाला वाट दाखवण्याची कल्पना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते. नुसत्या साम्यावर इमले बांधण्याचे काय होते, ते प्रश्न २ मध्ये पाहिलेच आहे.

१०. गौरी ही वनस्पतिदेवता आहे का? आमच्याकडे तर पितळी मुखवटे असतात.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कोकणात अनेक घरांत तेरड्याची रोपे मुळांसकट आणून, त्यांची जुडी बांधून, तीच गौर म्हणून वाजतगाजत घरात घेतात. काही घरांत त्या जुडीला मुखवटा लावतात, साडी नेसवतात आणि दागिने घालतात. रोपांची मुळे म्हणजे गौरीची पावले. म्हणजे आत वनस्पती, बाहेर चेहरा. पर्णमुखाच्या नेमकी उलट ही रचना आहे, कारण तेथे चेहऱ्यावर पाने चढवलेली असतात. पुण्यात लोखंडी वा पितळी स्टँडवरच्या उभ्या गौरी रूढ झाल्या, काही घरांत पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या गौरी आहेत. तरीही त्या दिवसांत मंडईबाहेर तेरड्याच्या जुड्या विकायला असतात आणि मुखवट्यांच्या गौरींपुढेही त्या ठेवल्या जातात.

अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, असा तीन दिवसांचा मुक्काम असतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण माणसांच्या टिकाऊपणाविषयी वापरतो, पण गौरीच्या घरात ती तक्रार नसून वेळापत्रक आहे.

११. गणपतीच्या २१ पत्री कोणत्या, आणि मंडईतल्या जुडीत त्या सगळ्या असतात का?

प्रचलित यादी अशी: मधुमालती, माका, बेल, पांढऱ्या दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांत, डाळिंब, देवदार, मारवा, पिंपळ, जाई, केवडा आणि अगस्ती. एरवी गणपतीला न वाहिली जाणारी तुळस या एका दिवशी चालते. देवदार हिमालयातला वृक्ष असल्याने पुण्यात तो सहज मिळणार नाही हे उघड आहे. दोऱ्याने बांधलेली जुडी सोडून मोजल्यास आठ-दहा प्रकारांच्या पुढे मोजणी क्वचितच जाते. धोत्रा, कण्हेर आणि रुई विषारी आहेत. मुलांच्या हाती ही पाने दिल्यास हात धुवायला लावावेत.

दसऱ्याच्या सोन्याविषयीही हेच विचारतात. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते. मोठे, पातळ पान हाती आले तर ते बहुधा कांचनाचे असते.

१२. वारल्यांचा ‘हिरवा देव’ म्हणजे आपला ग्रीन मॅन का?

नाही. हिरवा हा वारली घरांतला देव असून मोरपिसांच्या जुडग्याच्या रूपात तो मांडला जातो. पानांचा चेहरा ही कल्पना तेथे नाही. नाव ऐकून इंग्रजी लेखांत त्याला ओढून आणण्याचा मोह टाळावा.

१३. पिंपळावरचा मुंजा हा यक्षच का?

मुंजा हा मुंज झालेल्या, पण सोडमुंज होण्याआधीच मृत्यू पावलेल्या मुलाचा आत्मा मानला जातो. म्हणजे तो मुळात माणूस होता आणि झाडावर राहायला आला. यक्ष कोणाचे भूत नसतो. मात्र झाडाला पार बांधणे, शेंदूर लावणे, दिवा ठेवणे आणि त्या जागी उगाच रेंगाळू नये असे मुलांना बजावणे, हे जुन्या यक्षस्थानांना शोभेल असेच आहे. भाडेकरू बदलला तरी झाडाचा दरारा तोच राहिला, असे फार तर म्हणता येईल.

१४. देवराईतल्या देवाला पानांचा चेहरा का नसतो?

मावळ, मुळशी, भोर या भागांतील देवरायांत वाघजाई, काळकाई, भैरोबा, म्हसोबा अशी दैवते असतात आणि ती पुष्कळदा शेंदूर लावलेल्या तांदळ्याच्या, म्हणजे अनघड दगडाच्या रूपात असतात. अख्खी राई हेच देवाचे घर, आणि तेथली काटकीही घरी न्यायची नाही असा दंडक. मग पानांचा मुखवटा वेगळा कशाला हवा? माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या रायांचा अभ्यास करून त्यांच्यामुळे टिकलेल्या वनस्पतींकडे लक्ष वेधले.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अरण्यानी सूक्तातही (१०.१४६) वनदेवतेचा चेहरा नाही. ती फक्त ऐकू येते: संध्याकाळी रानात कोणी गाईला हाक मारल्यासारखे, कोणी लाकूड तोडल्यासारखे, गाडी करकरल्यासारखे वाटते. नांगराशिवाय अन्नाने भरलेली आणि श्वापदांची आई, असे तिचे वर्णन आहे.

१५. शाकंभरी देवीच्या अंगातून भाज्या आल्या, हे पर्णमुखासारखेच नाही का?

कल्पना जवळची आहे. देवीमाहात्म्याच्या अकराव्या अध्यायात देवी सांगते की शंभर वर्षांचे अवर्षण पडेल तेव्हा पाऊस येईपर्यंत मी माझ्याच देहातून उगवलेल्या शाकांनी जगाचे भरणपोषण करीन. पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत शाकंभरी नवरात्र असते. फरक हेतूचा आहे: पर्णमुखाच्या पानांचा कोणी घास घेत नाही, शाकंभरीच्या पानांची भाजी होते.

१६. ऑनलाइन मागवलेला ग्रीन मॅनचा मुखवटा किंवा पितळी कीर्तिमुख घरात लावले तर चालेल का? कोठे लावावे?

पर्णमुखाला पूजेचा नियम नाही. ते बाल्कनीत कुंड्यांच्या मधोमध लावले तरी कोणाचा अवमान होत नाही. कीर्तिमुखाची जागा कथेनेच ठरवून दिली आहे: दाराच्या वर, तोंड बाहेरच्या बाजूला. एका वाचकाने ते बेसिनवरच्या आरशाच्या माथ्यावर लावल्याचे छायाचित्र पाठवले होते. तेथे ते रोज सकाळी दात घासणाऱ्या माणसाकडे दात विचकून पाहते, त्याला आमची हरकत नाही, पण राखण करायला तेथे काही नाही.

मात्र खर्च करण्यापूर्वी घरातल्या देव्हाऱ्यातली प्रभावळ एकदा उतरवून पाहावी. तिच्या शेंड्यावर बहुधा कीर्तिमुख असतेच, आणि दोन्ही बाजूंनी उतरणाऱ्या वेलींच्या खाचांत वर्षानुवर्षांची वाळलेली चिंच बसलेली असते. ती कोमट पाण्यात भिजवून जुन्या मऊ ब्रशने काढावी. चाकूचे टोक किंवा सुई वापरल्यास पानांच्या शिरा घासल्या जातात.